म्हणे, अट, कते : कोठीच्या रेसिडेन्सीतल्या भुताविषयी

माझी आत्या पीयूसी धरून चार वर्षं, १९६८ ते १९७२, हैदराबादच्या कोठीतल्या महिला महाविद्यालयात शिकली. घर काचीगुड्याला, त्यामुळे ती रोज घरी परतायची. पण तिची जिवलग मैत्रीण नांदेडची होती आणि हॉस्टेलात राहायची. कॉलेजातल्या भुताच्या गोष्टी या मैत्रिणीकडून आत्याकडे आल्या आणि आत्याकडून आम्हा भावंडांकडे. घरात मराठी बोलणारी आत्या या गोष्टी मात्र कधी मराठीत सुरू करत नसे. सुरुवात दखनीतच व्हायची : ‘उधर शाम कू एक औरत फिरती कते.’ मग पुढचं सगळं मराठीत.

हा ‘कते’ बरीच वर्षं माझ्या डोक्यात राहिला. दखनीत वाक्याच्या शेवटी लागणारा हा शब्द ‘म्हणे’चं काम करतो : मी पाहिलेलं नाही, कानावर आलंय, खरंखोटं सांगणाऱ्याला माहीत. तेलुगूत हेच काम ‘अट’ करतो आणि तो क्रियापदाला इतका चिकटतो की वेगळा काढता येत नाही : ‘तिरुगुतुंदट’, म्हणजे फिरते म्हणे. मराठीत ‘म्हणे’ सुटा राहतो, वाक्यात कुठेही बसतो आणि बऱ्याचदा त्याला उपरोधाची किनार असते. तीन भाषा, तीन छोटे शब्द, आणि तिन्ही एकाच गल्लीत ऐकू येतात, कारण सुलतान बाजार ते काचीगुडा या पट्ट्यात मराठी, तेलुगू आणि दखनी बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून आहेत. दखनीतला ठासून सांगणारा ‘इच’ हा आपल्या ‘च’चाच भाऊबंद, हे तर भाषाशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडतं. उसनवारीच्या या यादीत मला भूतही घालावंसं वाटतं.

भाषांतराच्या निमित्ताने मी गेली काही वर्षं कॉलेजांच्या आवारातल्या भुतांच्या गोष्टी गोळा करते आहे. त्यांच्याकडे लोकसाहित्य म्हणून पाहणारे थोडे आणि करमणूक म्हणून पाहणारे पुष्कळ. बहुतेक गोष्टी खरोखरच सामान्य असतात. गळफास घेतलेली मुलगी, बंद खोली, मध्यरात्री वाजणारी पेटी. एका आवारातून उचलून दुसऱ्या आवारात ठेवल्या तरी काही बिघडत नाही. कोठीची गोष्ट मात्र हलवता येत नाही. ती त्या जागेच्या इतिहासाला चिकटलेली आहे. कशी चिकटली आणि कुठे सुटली, हे पाहण्यासारखं आहे.

आधी जागा. कोठीचं हे कॉलेज म्हणजे जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी. ईस्ट इंडिया कंपनीचा निजामाच्या दरबारातला रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने १८०३ मध्ये ती बांधायला घेतली. आराखडा मद्रास इंजिनियर्समधल्या सॅम्युएल रसेल या लेफ्टनंटचा. पुढे सहा प्रचंड कॉरिंथियन खांब, त्यांच्यावरच्या त्रिकोणात कंपनीचं मानचिन्ह, समोर रुंद पायऱ्या आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दोन सिंह. बांधकामाची एक गोष्ट जॉन माल्कमने नोंदवून ठेवली आहे. कर्कपॅट्रिकने निजामापुढे जमिनीचा मोठा नकाशा उलगडला तेव्हा त्याने साफ नकार दिला. मग तीच जागा पत्त्याएवढ्या कागदावर काढून दाखवली आणि ताबडतोब परवानगी मिळाली. खरी असो नसो, गोष्ट फार शहाणी आहे. या इमारतीत मोठ्याचं छोटं करून दाखवणं पुढेही घडणार होतं.

कर्कपॅट्रिकने हैदराबादच्या एका बड्या सय्यद घराण्यातल्या ख़ैरुन्निसाशी मुस्लिम पद्धतीने लग्न केलं. तिच्यासाठी आवारात रंगमहाल हा स्वतंत्र जनाना बांधला, आणि जनान्याच्या बागेत रेसिडेन्सीची एक छोटी प्रतिकृती. पडद्यात राहणाऱ्या बेगमला मुख्य इमारतीभोवती हिंडून ती पाहता येणार नव्हती, म्हणून तिच्यासाठी हे बाहुलीघर, म्हणे. त्यांना दोन मुलं झाली. १८०५ मध्ये चार आणि तीन वर्षांची ही पोरं विलायतेला रवाना झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. ख़ैरुन्निसाला मुलं पुन्हा दिसली नाहीत. पुढे हेन्री रसेल नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याशी तिचा संबंध आला. त्याने तिला वाऱ्यावर सोडलं. १८१३ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, ती हैदराबादेत गेली. तिची मुलगी किटी विलायतेत मोठी झाली. टॉमस कार्लाइलच्या ‘सार्टर रिसार्टस’मधली ब्लूमाइन तिच्यावरूनच बेतली, असं बरेच अभ्यासक मानतात. आई भूत झाली, मुलगी पात्र झाली. दोघींपैकी एकीलाही स्वतःच्या तोंडून बोलायची फारशी संधी मिळाली नाही.

१८५७ च्या जुलैत, १७ तारखेला, तुर्रेबाज़ ख़ान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या पुढारपणाखाली रोहिल्यांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला. तो फसला. तुर्रेबाज़ ख़ान पकडला गेला, निसटला, शेवटी गोळी घालून मारला गेला आणि त्याचं प्रेत लोकांना दिसेल असं टांगलं गेलं. मौलवीला अंदमानात पाठवलं. १८६० च्या सुमारास एका रेसिडेंटने रंगमहाल पाडून टाकला, कारण त्याच्या दृष्टीने तो देशी अनीतीची खूण होता. प्रतिकृती राहिली. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, उस्मानिया विद्यापीठाचं महिला महाविद्यालय या इमारतीत आलं. आता तिथे महिला विद्यापीठ आहे. मधल्या काळात छतं गळली, झाडं उगवली. मग दुरुस्तीचं मोठं काम झालं आणि २०२३ पासून मुख्य वास्तू पुन्हा पाहता येते.

आता आत्याची गोष्ट. ती तीन तुकड्यांत होती. पहिला पायऱ्यांचा : चढताना मोजल्या तर एक आकडा, उतरताना मोजल्या तर एक जास्त. दुसरा आवारातल्या गोऱ्यांच्या कबरस्तानाचा : रात्री तिथून खोकल्याचा आवाज येतो. हे दोन तुकडे कुठेही चालतील असे. तिसरा मात्र तिथलाच. संध्याकाळी मागच्या बागेत, त्या छोट्या इमारतीपाशी, पांढऱ्या कपड्यातली एक मेमसाब वाकून उभी असते. ती खिडक्यांतून आत पाहते. कुणी मुलगी जवळून गेली तर मान न वळवता विचारते : ‘इसमें मेरी खिड़की कौनसी?’

लहानपणी या प्रश्नाने माझ्या अंगावर काटा यायचा. उत्तर दिलं तर काय होतं, असं आम्ही विचारायचो. आत्या म्हणायची, ‘उत्तर कुणाला येतच नाही, मग काय होणार?’

आपल्या लोककथेतली भुतं अशी नसतात. मराठी माणसाने भुतांचीही जातवार आणि मरणवार विभागणी करून ठेवली आहे. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. वासना मागे ठेवून गेलेला ब्राह्मण समंध. परधर्मातला खवीस. कोण कसा मेला, त्याचं काय राहून गेलं, हे त्याच्या नावातच असतं, आणि म्हणून उपायही ठरलेला असतो : उतारा, नारळ, कोंबडं, नारायणबळी. खेडेगावातलं भूत हे शेजारपाजारचंच माणूस असतं. त्याची तक्रार गावाला ठाऊक असते आणि बऱ्याचदा ती तक्रार गावाविरुद्धच असते. हडळीची गोष्ट ऐकणाऱ्या प्रत्येक घरात बाळंतपणात गेलेली एखादी बाई असतेच. या व्यवस्थेचं मला कौतुक नाही. जिवंतपणी जी उतरंड होती तीच तिने मेल्यावरही चालू ठेवली. पण तिच्यात भुताला मागणी असते आणि माणसांवर देणं असतं.

कॉलेजातल्या भुताला सहसा ना जात असते, ना नाव, ना मागणी. ते दिसतं आणि नाहीसं होतं. माझ्या संग्रहातल्या बहुतेक गोष्टी मी याच कारणासाठी बाजूला ठेवल्या. मागणी नसलेलं भूत म्हणजे सजावट. इंग्रजी शाळांच्या वसतिगृहांतून आणि सिनेमांतून आलेली ती पांढरी बाई आपल्याकडे झुंबरासारखी टांगली गेली. आत्याची मेमसाबही अर्धी तिथूनच आली आहे, हे उघड आहे. नाहीतर हैदराबादच्या सय्यद घराण्यातली मुलगी पांढऱ्या गाऊनमध्ये का दिसावी? रेसिडेन्सी गोऱ्यांची, म्हणून भूत गोरं; मुलींनी केलेला हा साधा हिशेब.

आणि तो हिशेब त्यांना पुस्तकांतून सुधारता आला असता. कर्कपॅट्रिकच्या लग्नाची हकिगत एडवर्ड स्ट्रेचीने १८९३ मध्येच ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये छापली होती. म्हणजे १९६८ मध्ये ही गोष्ट छापील रूपात पंचाहत्तर वर्षांची होती. पण विलायती मासिकातली हकिगत कोठीच्या हॉस्टेलात उतरली नाही. नाव खाली आलं ते विल्यम डॅलरिम्पल यांचं ‘व्हाइट मुघल्स’ २००२ मध्ये निघाल्यावर. काही वर्षांपूर्वी भाषांतराच्या एका कार्यशाळेत तिथे शिकलेल्या एका तेलुगू मुलीने मला तिच्या वेळची गोष्ट सांगितली, आणि तिच्यात मेमसाब नव्हती. ख़ैरुन्निसा होती, तिच्याबरोबर कर्कपॅट्रिकही होता, आणि पौर्णिमेच्या रात्री दोघं हातात हात घालून बागेत फिरत होते. ‘तिरुगुतुंदट’ नाही, ‘तिरुगुतारट’, अनेकवचनी. मी त्या मुलीला म्हटलं, अगं, तो तर कलकत्त्यात मेला, तो इथे कसा फिरेल? ती म्हणाली, ‘प्रेमासाठी आला असेल.’

इथे मला डॅलरिम्पल यांच्या पुस्तकाविषयी बोललं पाहिजे, कारण या बदलाचा दोष पूर्णपणे त्या मुलीचा नाही. पुस्तक मोठ्या मेहनतीचं आहे. गुप्त लिपीतली पत्रं, फारसी साधनं, बॉडलियन ग्रंथालयातली रसेलची कागदपत्रं, हे सगळं एकत्र आणून त्यांनी एका पुसलेल्या बाईला पुन्हा नाव दिलं. एम.ए.ला असताना मी ते एका बैठकीत वाचलं होतं आणि शेवटाला रडलेही होते. आज मात्र मुखपृष्ठावरचा ‘प्रेम आणि विश्वासघात’ हा शब्दसमूह मला खटकतो. संबंध सुरू झाला तेव्हा ख़ैरुन्निसाचं वय चौदाच्या आसपास होतं. कर्कपॅट्रिक तिच्या दुपटीहून मोठा, आणि ज्या दरबारात तिचं घराणं होतं त्या दरबारावर पकड बसवायला आलेला. ज्या वर्षांत तो प्रेमात होता त्याच वर्षांत त्याने निजामाकडून कंपनीच्या फायद्याचे करार करून घेतले. डॅलरिम्पल हे काही लपवत नाहीत. सगळं पुस्तकात आहे. पण पुस्तकाचा सूर प्रेमकथेचा आहे, आणि वाचकाला आठवतो तो सूर, तपशील नव्हे. सूरच पुढे भुतात उतरतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट व्याकरणाची. ख़ैरुन्निसाविषयी जे काही कळतं ते बहुतेक दुसऱ्यांच्या पत्रांतून. कर्कपॅट्रिक भावाला लिहितो, रसेल भावाला लिहितो, मुनशी लिहितो, चौकशी करणारे लिहितात. ती काय म्हणाली, कशी रडली, कुणावर रागावली, हे सगळं ऐकीव किंवा कुणाच्या तरी सोयीने सांगितलेलं. म्हणजे दर वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ लागायला हवा. इंग्रजीला तो लावता येत नाही. ‘असं सांगतात’, ‘असं दिसतं’ असे लांबलचक वळसे घ्यावे लागतात, आणि चांगला लेखक ते वारंवार घेत नाही; एकदा घेतो आणि मग सरळ भूतकाळात चालू लागतो. भाषांतर करताना मला हे सतत जाणवतं. याच पुस्तकातला एक परिच्छेद मी सरावासाठी मराठीत केला होता. दोन वाक्यं झाल्यावर हात आपोआप ‘म्हणे’कडे गेला, आणि तो घातल्यावर परिच्छेद भुताच्या गोष्टीसारखा वाचू लागला. काढल्यावर इतिहास झाला. फरक एका शब्दाचा होता. आत्याची गोष्ट निदान सुरुवातीलाच कबूल करते की ती ‘कते’वर उभी आहे.

या ठिकाणी रवींद्रनाथांची ‘क्षुधित पाषाण’ आठवणं अपरिहार्य आहे, आणि तेही फक्त भुताटकीच्या वाड्यामुळे नव्हे. १८९५ ची ही कथा निजामाच्याच राज्यात घडते. तिचा कथेकरी निजाम सरकारच्या नोकरीत लागतो, बरीच नावाच्या गावी कापसावरचा महसूल गोळा करायला जातो आणि तिथल्या ओसाड शाही महालात राहतो. रात्री महाल जिवंत होतो. एक अदृश्य इराणी स्त्री त्याला ओढून नेते. पहाटे वेडा मेहेर अली ओरडत फिरतो की दूर राहा, सगळं खोटं आहे. ज्या महालावरून रवींद्रनाथांना हे सुचलं तो अहमदाबादचा, शाहीबागेतला. वयाच्या सतराव्या वर्षी भावाकडे असताना ते तिथे राहिले होते. पण कथा त्यांनी हैदराबादच्या राज्यात नेऊन ठेवली, यावर आपण हैदराबादकरांनी पुरेसा विचार केलेला नाही.

या कथेचा शेवट मला मराठी-बंगालीतल्या भुताच्या कुठल्याही कथेपेक्षा मोठा वाटतो, आणि वर्गात शिकवताना तो हमखास उरकला जातो. ही सगळी हकिगत रेल्वेच्या प्रतीक्षालयात सांगितली जाते आहे. कथेकरी म्हणतो की महालातल्या त्या इराणी दासीची मूळ कहाणी कचेरीतल्या म्हाताऱ्या करीम ख़ानने त्याला सांगितली, ती आता ऐका. तेवढ्यात गाडी येते. पहिल्या वर्गाच्या डब्यातून नुकताच जागा झालेला एक इंग्रज डोकावतो, कथेकऱ्याला ओळखतो, हाक मारून आत घेतो. कथेकरी जातो. ऐकणारे दोघं दुसऱ्या वर्गात. त्या बाईची कहाणी कधीच सांगितली जात नाही. ती इंग्रजाच्या डब्यात निघून जाते.

ख़ैरुन्निसाची कहाणीही इंग्रजाच्या डब्यातून गेली. फरक एवढाच की दोनशे वर्षांनी ती तिथून परत आली, छापून, जिल्द बांधून. रवींद्रनाथांनी ही गोष्ट रेसिडेन्सीवरून लिहिली असं मी मुळीच सुचवत नाही. तसा काही पुरावा नाही. पण वसाहतीच्या काळात मेलेल्या बाईची गोष्ट कुणाच्या हातात राहते, हे त्यांना नेमकं कळलं होतं. गुलज़ारांच्या ‘लेकिन’शी ही कथा ताडून पाहिली की हे आणखी स्पष्ट होतं. मंगेशकरांच्या घरातून निघालेला हा चित्रपट, हृदयनाथांचं संगीत, त्यामुळे आपल्याला तो जवळचा. चित्रपटाने रवींद्रनाथांचा महाल राजस्थानात नेला आणि तिथल्या भुताला नाव दिलं, पूर्ण कहाणी दिली आणि शेवटी मुक्ती दिली. पाहताना समाधान होतं, आणि मला तेच पटत नाही. अपुरी गोष्ट पुरी केली की प्रेक्षकाचं देणं फिटतं. रवींद्रनाथ ते फिटू देत नाहीत. आत्याची मेमसाबही देत नाही : ती प्रश्न विचारते आणि उत्तर कुणाला येत नाही.

का येत नाही? त्याचं कारण मला फार उशिरा दिसलं. बागेतली प्रतिकृती मुख्य इमारतीची आहे. रंगमहालाची नव्हे. रेसिडेंटचा दरबार, त्याचे खांब, त्याच्या खिडक्या, हे सगळं तिच्यात आहे. बेगम जिथे राहत होती तो महाल प्रतिकृतीत कधी नव्हताच, आणि प्रत्यक्षातला महाल पाडून टाकला. तेव्हा त्या छोट्या घराच्या खिडक्यांतून वाकून पाहणाऱ्या बाईला आपली खिडकी सापडणार कशी? मेमसाब म्हणणाऱ्या, ख़ैरुन्निसाचं नाव न ऐकलेल्या, रंगमहाल कधी पाडला हे ठाऊक नसलेल्या हॉस्टेलच्या मुलींच्या गोष्टीत हा प्रश्न होता. कपडे चुकले, वंश चुकला, प्रश्न बरोबर आला. पुस्तकानंतरच्या गोष्टीत सगळे तपशील बरोबर आहेत आणि प्रश्न गळून पडला आहे. चांदण्यात हातात हात घालून फिरणाऱ्यांना काय विचारायचं असणार?

या गोष्टीत कोण भूत होत नाही, तेही पाहायला हवं. १७ जुलैला फाटकाबाहेर मेलेले रोहिले आत्याच्या गोष्टीत नाहीत, त्या तेलुगू मुलीच्या गोष्टीतही नाहीत. तुर्रेबाज़ ख़ानच्या नावाचा रस्ता आहे, कोठीच्या बसस्टॉपजवळ स्मारक आहे. तिथे मी शेकडो वेळा बसची वाट पाहिली, भीती एकदाही वाटली नाही. दगडावर नाव कोरलं की माणूस बहुधा भुताच्या यादीतून बाहेर पडतो. खरगपूरच्या आयआयटीची सुरुवात १९५१ मध्ये हिजलीच्या बंदिशाळेत झाली. तिथे १९३१ च्या सप्टेंबरात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त या दोन नि:शस्त्र बंदिवानांना गोळ्या घातल्या गेल्या. तिथे त्यांची नावं घेतली जातात, ते हुतात्मे आहेत. पण तुर्रेबाज़ ख़ानबरोबर जे आले आणि ज्यांची नावं दगडावर नाहीत, त्यांचं काय? ते भूतही झाले नाहीत. रेसिडेन्सीचे दगड वाहणारे, बागेतले माळी, रंगमहालातल्या दाया, कुणीच नाही. खेड्यातली भुतं खालपासून वरपर्यंत सगळ्या थरांतली असतात. कॉलेजच्या आवारातलं भूत मात्र मालकाच्या घरातलंच निघतं. माझ्या संग्रहाबद्दल मला वाटणारी मोठी नाराजी ही आहे, आणि आत्याची गोष्टही तिच्यातून सुटत नाही.

या गोष्टींचा उपयोग काय होता, याबद्दल आत्या अगदी व्यवहारी होती. पडद्यातल्या बाईसाठी बांधलेल्या बागेत मुलींचं कॉलेज आलं, हा विरोधाभास तिला कधी सुचवावा लागला नाही. तिच्या स्वतःच्या आजीने उंबरा ओलांडायला चादर घेतली होती. दिवेलागणीनंतर बागेकडे जायचं नाही, हा नियम वॉर्डन सांगायची आणि मेमसाब पाळायला लावायची. पण नांदेडच्या मैत्रिणीने हेच भूत उलटं वापरलं. परीक्षेच्या दिवसांत मागच्या व्हरांड्यात दिवा लावून उशिरापर्यंत वाचत बसायचं असेल, तर संध्याकाळीच कुणीतरी आल्याला सांगायचं की आज मेमसाब त्या बाजूला दिसली. मग राखणदारही तिकडे फिरकत नसे. पहाऱ्यासाठी नेमलेलं भूत पहारा चुकवायला कामी आलं. आत्या हे सांगताना अजूनही खूश व्हायची.

आता एक अडचण, जी हा लेख लिहायला घेतल्यापासून मला टोचते आहे. २००३ मध्ये मी ‘व्हाइट मुघल्स’ वाचलं ते आत्याच्याच घरी, आणि संध्याकाळी तिला त्यातली पानंच्या पानं मराठीत तोंडी सांगत असे. रंगमहाल पाडल्याचंही सांगितलं. खिडकीचा प्रश्न मला लहानपणापासून आठवतो. पण आठवतो म्हणजे काय? भाषांतर करणाऱ्याला माहीत असतं की दोन मसुद्यांनंतर कोणता शब्द मुळातला आणि कोणता आपला हे आपल्यालाच सांगता येत नाही. आत्याने तो प्रश्न नंतर घातला असेल, किंवा मीच घातला असेल. भावाला विचारलं, त्याला पायऱ्या आठवतात, कबरस्तानातला खोकला आठवतो, प्रश्न आठवत नाही. आत्या २०१९ मध्ये गेली.

राहिली नांदेडची मैत्रीण. गेल्या दिवाळीत तिचा नंबर मिळवला आणि फोन केला. मावशी पंच्याहत्तरीला आलेली, आवाज खणखणीत. मेमसाब म्हटल्याबरोबर हसली. हो हो, त्या छोट्या बंगल्यापाशी, पांढरी साडी होती गं, गाऊन नव्हे, गाऊन कुणी पाहिलाय. मी खिडकीचं विचारलं. पलीकडे जरा शांतता झाली.

‘विचारत-बिचारत काही नव्हती ती,’ मावशी म्हणाली. ‘नुसती बसायची. आम्हीच विचारायचो तिला.’

‘काय?’

‘उद्याचा पेपर सोपा जाईल का म्हणून.’